'टेक-ऑफ' कधी म्हणायचं

"वी आर नाउ ॲट टेक-ऑफ."

शाळेतल्या पोरालाही कळेल असं हे साधं इंग्रजी वाक्य. 27 मार्च 1977 रोजी संध्याकाळी पाच वाजून सहा मिनिटांनी, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटावर, केएलएम कंपनीच्या एका डच सहवैमानिकाने रेडिओवर ते म्हटलं. टॉवरमधल्या स्पॅनिश नियंत्रकाने ते ऐकलं. अर्ध्या मिनिटानंतर दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत एवढी माणसं त्याआधी कधी मेली नव्हती आणि त्यानंतरही नाहीत.

मी इंग्रजी शिकवते. व्याकरण, वाक्प्रचार, उच्चार हे माझं रोजचं काम आहे. तरीही एखाद्या वाक्याचा अर्थ कुठे राहतो, बोलणाऱ्याच्या मनात की ऐकणाऱ्याच्या कानात, या प्रश्नाचा पुरता विचार मी केला तो भाचा वैमानिकाच्या प्रशिक्षणाला गेल्यावर. त्याला रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते. "मावशी, तुझं इंग्रजी इथे चालणार नाही," असं म्हणत त्याने आपली टिपणं माझ्यासमोर टाकली. ती वाचता वाचता मी टेनेरिफपर्यंत पोचले आणि त्या एका वाक्यापाशी बराच काळ थांबले.

आधी प्रसंग समजून घ्यायला हवा. त्या दिवशी दोन्ही विमानांना खरं तर शेजारच्या ग्रान कनारिया बेटावर उतरायचं होतं. तिथल्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला, विमानतळ बंद झाला आणि सगळी वाहतूक टेनेरिफच्या लॉस रोदेओस या छोट्या विमानतळाकडे वळवली गेली. तिथे एकच धावपट्टी. तिला समांतर जाणाऱ्या मार्गावर वळवलेली विमानं खच्चून उभी होती, त्यामुळे निघणाऱ्या विमानाला धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने चालत टोकाला जावं लागत होतं. केएलएमचं विमान असं टोकाला जाऊन तोंड फिरवून उभं राहिलं. पॅन ॲमचं अमेरिकी विमान त्याच्या मागोमाग त्याच धावपट्टीवरून येत होतं. विमानतळ सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. डोंगरावरून ढग खाली उतरले आणि टॉवरला विमानं दिसेनात, विमानांना टॉवर दिसेना, विमानांना एकमेकंही दिसेनात. जमिनीवर हलतं विमान दाखवणारं रडार तिथे नव्हतं. उरला फक्त रेडिओ.

केएलएमच्या सहवैमानिकाने टॉवरला एका दमात दोन गोष्टी सांगितल्या: आम्ही उड्डाणाला तयार आहोत, आणि मार्गाच्या परवानगीची वाट पाहतोय. नियंत्रकाने मार्गाची परवानगी वाचून दाखवली: उड्डाणानंतर किती उंचीवर जायचं, कुठे वळायचं. धावपट्टीवरून सुटायची परवानगी ही वेगळी गोष्ट असते आणि ती त्याने दिलेली नव्हती. पण मार्गाच्या त्या मजकुरात 'राइट टर्न आफ्टर टेक-ऑफ' असे शब्द होते. ज्या माणसाचे कान 'टेक-ऑफ' या शब्दाची वाट पाहत होते, त्याला तो शब्द ऐकू आला. कॅप्टनने डचमध्ये "वी खान", म्हणजे "निघालो", म्हटलं आणि इंजिनांना जोर दिला. सहवैमानिक अजून परवानगीचा मजकूर परत वाचून दाखवत होता. शेवटी त्याने घाईघाईने जोडलं: "वी आर नाउ ॲट टेक-ऑफ."

ध्वनिफितीवर ते शेवटचे शब्द अगदी स्वच्छ नाहीत. काहींना तिथे 'ॲट टेक-ऑफ' ऐकू येतं, काहींना 'अं, टेकिंग ऑफ'. म्हणजे उच्चारापासूनच दोन वाटा फुटतात. आणि 'ॲट टेक-ऑफ' असं धरलं, तरी अर्थाच्या आणखी दोन वाटा आहेत. नियंत्रकाने अर्थ लावला: उड्डाणाच्या जागी पोचलो, उभे आहोत. इंग्रजीतल्या 'ॲट'चा साधा अर्थ तोच. बोलणाऱ्याच्या मनात मात्र होतं: उड्डाण चालू आहे. भाषेचे अभ्यासक त्याच्या मातृभाषेकडे बोट दाखवतात. डचमध्ये चालू क्रिया सांगायची तर 'आन हेट' असं म्हणून क्रियापदाचं मूळ रूप जोडतात आणि त्या 'आन'चं घाईतलं इंग्रजी 'ॲट' होऊ शकतं. जिभेवर इंग्रजी, खाली वाक्याचा सांगाडा डच. दोन भाषांत जगणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे घडतं, आणि दमलेल्या, घाईत असलेल्या माणसाच्या बाबतीत जास्तच घडतं. केएलएमच्या कर्मचाऱ्यांवर कामाच्या तासांची कडक मर्यादा होती, ती संपत आली होती.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. आपण दारातून बाहेर पडताना "आलोच" म्हणतो. फोनवर "निघालो" म्हणतो तेव्हा कुणी रिक्षात बसलेलं असतं, तर कुणी अजून चपला शोधत असतं. घरच्या माणसाला आवाजावरून, सवयीवरून, मागच्या आवाजांवरून खरं काय ते कळतं. टॉवरमधल्या माणसाला यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त शब्द येतात, तेही खरखरत.

त्या वाक्यावर नियंत्रक म्हणाला, "ओके." मग क्षणभर थांबून, "स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू." त्याच वेळी पॅन ॲमच्या वैमानिकाने घाबरून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलले, की ऐकणाऱ्याला शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ पोचला तो एकच शब्द: "ओके." पुढचे दोन्ही संदेश, ज्यांपैकी एकानेही सगळ्यांचा जीव वाचला असता, त्या शिट्टीत बुडाले.

'ओके'ला आपण किती निरुपद्रवी शब्द मानतो! त्याचा अर्थ 'ऐकलं' असाही होतो, 'बरं' असाही आणि 'कर, माझी हरकत नाही' असाही. नियंत्रकाला पहिला अर्थ अभिप्रेत होता, वैमानिकाला तिसरा लागला.

थोड्या वेळापूर्वी त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी एक गोंधळ होऊन गेला होता, तो निव्वळ उच्चाराचा. पॅन ॲमला धावपट्टीवरून डावीकडच्या तिसऱ्या फाट्याला बाहेर पडायचं होतं. नियंत्रकाच्या स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत तो 'फर्स्ट' म्हणाला की 'थर्ड', यावर अमेरिकी कॉकपिटमध्ये शंका निघाली. त्यांनी पुन्हा विचारलं. नियंत्रकाने बिचाऱ्याने अक्षरशः मोजून दाखवलं: "द थर्ड वन, सर, वन, टू, थ्री, थर्ड, थर्ड वन." तरीही धुक्यात तो फाटा मागे पडला आणि विमान चौथ्याकडे निघालं. तिसऱ्या फाट्याला एवढ्या मोठ्या विमानाला जवळजवळ मागे वळावं लागलं असतं, त्यामुळे नियंत्रकाला तोच अभिप्रेत असेल यावर वैमानिकांचा विश्वास बसणं कठीण होतं. हेही अर्थ लावण्याचंच एक रूप आहे. जे शक्य वाटतं तेच आपल्याला ऐकू येतं.

केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र कान टवकारले होते. विमान वेग घेत असताना त्याने डचमध्ये विचारलं, ते पॅन अमेरिकन अजून बाहेर पडलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, पडलंय की! कंपनीतला सर्वात मानाचा वैमानिक तो, जाहिरातीत ज्याचा चेहरा छापलेला. इंजिनिअर गप्प बसला. ती संभाषणं दोघांच्या मातृभाषेत होती, उच्चाराची काही अडचण नव्हती, तरी ऐकलं गेलं नाही. म्हणून सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारावा असं मला वाटत नाही. पण इंग्रजीच्या वाट्याचा जो दोष होता, तो पुढे फार गांभीर्याने दुरुस्त केला गेला, आणि त्या दुरुस्तीविषयी मला नितांत आदर आहे.

दुरुस्ती अशी: 'टेक-ऑफ' हा शब्द जवळजवळ कुलूपबंद करून टाकला. धावपट्टीवरून सुटायची परवानगी देताना किंवा दिलेली परवानगी रद्द करताना, आणि ते शब्द परत वाचून दाखवताना, एवढ्याच वेळी तो उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. वैमानिक 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणतो. 'रेडी फॉर टेक-ऑफ' म्हणत नाही. मार्गाच्या परवानगीत 'आफ्टर डिपार्चर' येतं. नुसतं 'ओके' किंवा 'रॉजर' (म्हणजे 'निरोप मिळाला') म्हणून सुटका नाही, धावपट्टीशी संबंधित प्रत्येक परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. आज मुंबईच्या धावपट्टीच्या तोंडाशी उभं असलेलं विमान 'लाइन अप अँड वेट' ऐकतं आणि तेच शब्द परत म्हणतं. त्यात 'टेक-ऑफ' कुठेही नसतो. तो शब्द कानावर पडला, की त्याचा अर्थ एकच.

या 'लाइन अप अँड वेट'चीही कथा आहे. अमेरिकेत त्याच आज्ञेला अनेक वर्षं 'पोझिशन अँड होल्ड' म्हणत: धावपट्टीवर जाऊन उभे राहा. आणि 'होल्ड पोझिशन' म्हणजे आहात तिथेच थांबा. तेच दोन शब्द, क्रम उलटा, आणि फरक धावपट्टीवर जाण्याचा आणि न जाण्याचा! ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्या देशाने हे वापरलं आणि 2010 साली सोडून दिलं.

भाच्याच्या टिपणांत आकड्यांचं एक पान होतं. तीन म्हणजे 'ट्री'. चार 'फोवर', पाच 'फाइफ', नऊ 'नाइनर', हजार 'टाउसंड'. माझ्या वर्गात कुणी 'थ्री'ला 'ट्री' म्हटलं असतं तर मी टोकलं असतं. इथे अधिकृत पुस्तकात तोच उच्चार प्रमाण म्हणून छापला होता. कारण 'थ्री'मधला तो वारा सोडणारा थ जगातल्या फार थोड्या भाषांत आहे. आपल्यातही तो नाही. आपला 'थ' दातांवर जीभ आपटून येतो. रेडिओच्या खरखरीत तो नाजूक आवाज टिकत नाही, 'ट' टिकतो. 'फाइव्ह' आणि 'नाइन' खराब संपर्कात एकसारखे ऐकू येतात, म्हणून एकाचा शेवट कडक केला आणि दुसऱ्याला शेपटी जोडली. इंग्रजांच्या कानाला हे गावंढळ वाटेल, पण जीव वाचवायला हाच उच्चार बरोबर.

अक्षरांचंही तसंच. ए, बी, सी ऐवजी म्हणायची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका 1956 साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, लागू केली. त्याआधी माँट्रिअलमध्ये ज्यां-पॉल विने या भाषातज्ज्ञाच्या मदतीने शब्द निवडले गेले, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी आणि कानी ते तपासले गेले. 'ज्युलिएट'च्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी मुद्दाम दोन टी आहेत, कारण एकच टी ठेवला तर फ्रेंच माणूस तो उच्चारणारच नाही. मला आपल्या बाजूने त्यात गंमत दिसली ती 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की'ची. इंग्रजीतले ते दोन वेगळे व आपण मराठीत एकाच 'व्ह'ने लिहितो आणि बहुतेक जण एकाच तऱ्हेने म्हणतो. तरीही बिघडत नाही, कारण शब्दाचा पुढचा भागच एवढा वेगळा आहे, की पहिल्या अक्षराचा उच्चार चुकला तरी अर्थ निसटत नाही. शब्द निवडणाऱ्यांसमोर मराठी माणूस नव्हता, पण त्यांनी त्याचीही सोय करून ठेवली.

जिथे अशी सोय नव्हती तिथे काय होतं, त्याचं सर्वात बोचणारं उदाहरण क्वालालंपूरचं आहे. 19 फेब्रुवारी 1989, फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू जंबो. नियंत्रक म्हणाला, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." हे वाक्य मी देवनागरीत लिहिलं तेव्हा थबकलेच. रोमन लिपीत 'कडे' या अर्थाचा टू आणि 'दोन' या अर्थाचा टू यांचं स्पेलिंग वेगळं असतं, डोळ्यांना फरक दिसतो. देवनागरीत तो दिसत नाही, जसा कानालाही ऐकू येत नाही. नियंत्रकाला म्हणायचं होतं: दोन हजार चारशे फुटांवर या. वैमानिकाने ऐकलं: चारशे फुटांवर या. त्याने उत्तर दिलं, "ओके, फोर झिरो झिरो." चूक अशी उघड्यावर आलेली होती, ती टॉवरने पकडली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही कर्मचारी गेले. आता उंची सांगताना 'टू'च्या पुढे 'अल्टिट्यूड' किंवा 'फ्लाइट लेव्हल' असा शब्द घालतात, म्हणजे 'टू'नंतर लगेच आकडा येत नाही.

आणि न उच्चारलेल्या शब्दाचं काय? 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोइंग 707 न्यूयॉर्कला येताना वाटेत सव्वा तासाहून अधिक वेळ घिरट्या घालत ठेवलं होतं. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' मागितली. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपण आणीबाणीत आहोत असं त्यांना कळव. सहवैमानिकाने रेडिओवर नव्या दिशेची सूचना परत वाचली आणि शेवटी जोडलं: "वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल." कॅप्टनने पुन्हा विचारलं, सांगितलंस ना? हो सर, सांगितलंय. त्याच्या मते त्याने सांगितलंच होतं. 'आमचं इंधन संपत चाललंय' यात काय सांगायचं राहिलं? पण नियंत्रकाच्या कानाला 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' ही संकटाची ठरलेली हाक हवी होती. त्याशिवायचं काहीही म्हणजे माहिती, हाक नव्हे. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात ते विमान कोसळलं. 158 पैकी 73 जण गेले. टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे आगही लागली नाही. 'आणीबाणी' हा शब्द कॉकपिटमध्ये स्पॅनिशमध्ये बोलला गेला आणि इंग्रजी होऊन बाहेर पडलाच नाही. हे प्रकरण मला टेनेरिफपेक्षाही अस्वस्थ करतं. आता यासाठी 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल' अशी ठरलेली घोषणा आहे.

ठरलेल्या वाक्प्रचारांवर सगळं भागत नाही हे उमजायला मात्र आणखी एक मोठा अपघात व्हावा लागला, आणि तो आपल्या देशात झाला. 12 नोव्हेंबर 1996, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो 14,000 फुटांवर होतं. कझाकस्तानच्या विमानाला 15,000 वर राहायला सांगितलेलं होतं, ते खाली आलं. 349 माणसं, दोन्ही विमानांतली सगळी. कझाक विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता. त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून आकडे पाहावे लागत. कर्मचाऱ्यांचं तोकडं इंग्रजी हा चौकशीतला एक मुद्दा होता. जो उडवतो त्याला पुरतं कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याच्या हातात विमान नाही!

यानंतर आयकाओने 2003 साली वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या. काम करायला किमान चौथी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा गोष्टी तपासतात. शिक्षिका म्हणून मला सर्वात पटलेला नियम असा, की त्यांची सरासरी काढत नाहीत. सहांपैकी जी सर्वात कमी, तीच तुमची पातळी. फर्ड्या इंग्रजीखाली कच्चं ऐकणं लपवता येत नाही.

आपल्याकडे 'आफिस' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसतात आणि तो पुढे तोंडच उघडत नाही. बारामतीला, गोंदियाला विमान उडवायला शिकणारी मराठी माध्यमाची मुलं हीच भीती घेऊन रेडिओसमोर बसतात. भाचाही बसला होता. त्यांना कुणीतरी आयकाओची सहावी पातळी वाचून दाखवायला हवी. ती सर्वोच्च. तिच्यात उच्चाराविषयी म्हटलंय, की स्वराघात, लय, चढउतार यांवर मातृभाषेची छाप असू शकते, फक्त तिने समजण्यात जवळजवळ कधीच अडथळा आणू नये. छाप पुसायला कुणी सांगितलेलं नाही. उलट, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाच सांगितलंय, की सावकाश बोला, घरगुती वाक्प्रचार टाळा, समोरच्याला समजलं का ते पाहा.

भाच्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग मावशी, मी 'ट्री' म्हणालो तर तू हसणार नाहीस ना?" मी म्हटलं, हसणार नाही. पण 'रेडी फॉर टेक-ऑफ' म्हणालास, तर तिथेच थांबवीन.